तिसऱ्या ओळीत नागपूर, चौथ्या ओळीत अमरावती

इंजिनीअरिंग प्रवेशाच्या पहिल्या फेरीची यादी लागली त्या दिवशी सकाळी साडेअकराला माझ्या एका विद्यार्थिनीच्या वडिलांचा फोन आला. मागून बैलांच्या घुंगरांचा आवाज येत होता, म्हणजे डवरणी (पिकातली कोळपणी) चालू होती. "सर, अमरावती लागलं म्हणते पोरगी. नागपूर नाही लागलं. आता हे घ्या लागते का सोडा लागते?"

मी नेर तालुक्यातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात गणित शिकवतो. दरवर्षी जून ते ऑगस्ट माझं शिकवणं कमी आणि फॉर्म भरून देणं जास्त असतं. त्यातलंच हे २०२५ चं एक प्रकरण. घरच्यांना विचारूनच लिहितोय, ओळख पटू नये म्हणून बारीकसारीक तपशील बदललेत. दोन्ही कॉलेजं खासगी आहेत, त्यांची नावं देत नाही.

घर आणि गुण

चार एकर कोरडवाहू. कपाशी, त्यात तुरीचं तास, एका तुकड्यात सोयाबीन. दहावीपर्यंत मराठी शाळा, मग अकरावी-बारावी आमच्याकडे. प्रवर्ग ओबीसी. सीईटीला ८८ आणि वर थोडे पर्सेंटाइल. कॉम्प्युटरच घ्यायचं हे तिने दहावीतच ठरवलं होतं, आणि त्याचं कारण मला शेवटपर्यंत नीट कळलं नाही, कारण घरात कॉम्प्युटर नव्हता. वडिलांचा एक स्मार्टफोन, तोही शेतात गेला की रेंजबाहेर. हा मुद्दा मी तेव्हा असाच नोंदवून पुढे गेलो होतो.

कॉलेजांच्या पसंतीक्रमाचा म्हणजे पर्यायांचा अर्ज तिच्या मामाच्या मुलाने यवतमाळला नेट कॅफेत भरला. पहिल्या ओळीत अमरावतीचं शासकीय, दुसऱ्या ओळीत यवतमाळचं शासकीय. या गुणांना दोन्ही अवघडच, पण लिहायला पैसे पडत नाहीत. तिसऱ्या ओळीत नागपूरचं एक स्वायत्त कॉलेज, शाखा कृत्रिम बुद्धिमत्ता आणि डेटा सायन्स. चौथ्या ओळीत अमरावतीचं जुनं कॉलेज, शाखा साधी, कॉम्प्युटर सायन्स अँड इंजिनीअरिंग. पहिल्या फेरीत चौथं लागलं.

त्या वर्षीपासून फेऱ्या तीनच्या चार झाल्या आणि नियमही बदलले. पहिल्या फेरीत पहिला पर्याय मिळाला तर जागा आपोआप गोठते, म्हणजे तीच पक्की होते. दुसऱ्या फेरीत पहिल्या तीनपैकी कोणताही मिळाला तरी गोठते, तिसऱ्या फेरीत पहिल्या सहापैकी. गोठलेली जागा घेतली नाही तर पुढच्या फेऱ्यांतून बाहेर. म्हणजे तिच्यापुढे दोन वाटा होत्या. अमरावती आत्ताच गोठवायची. नाहीतर ती हातात ठेवून दुसऱ्या फेरीत उतरायचं. पण तिथे तिसऱ्या ओळीतलं नागपूर लागलं, तर अमरावती गेलीच आणि नागपूर घ्यावंच लागणार. मामाचा मुलगा म्हणत होता, "पाहून घेऊ लागते का, नसन पटलं तं सोडून देऊ." ही 'पाहून घेऊ' पद्धत दोन-तीन वर्षांपूर्वी थोडीफार चालायची. आता तिसरी ओळ म्हणजे सही केल्यासारखीच आहे.

हातात चार दिवस होते.

माझी चूक

अर्ज भरण्याआधी ती माझ्याकडे आली होती. मागच्या वर्षीचा कटऑफ बघून मी सांगून टाकलं होतं, "नागपूर पक्कं समज." मी बघितला होता 'एल-ओबीसी-एच' हा रकाना. एल म्हणजे मुलींची जागा, एच म्हणजे होम युनिव्हर्सिटी. बारावी यवतमाळ जिल्ह्यातून केलेल्या मुलीची होम युनिव्हर्सिटी म्हणजे संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठ, ज्यात अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलडाणा आणि वाशिम हे पाच जिल्हे येतात. नागपूरच्या कॉलेजसाठी ती बाहेरची. तिचा रकाना 'ओ'चा, म्हणजे बाहेरच्या विद्यापीठांतल्यांचा, आणि त्या कॉलेजात 'ओ'चा कटऑफ 'एच'पेक्षा चार पर्सेंटाइल वर होता, तिच्या गुणांच्या किंचित पुढे. पहिल्या फेरीत थोडक्यात हुकलं ते यामुळेच. दुसऱ्या फेरीत लागण्याची शक्यता चांगली होती. म्हणजे चार दिवसांत खरोखरच ठरवावं लागणार होतं, नशिबावर सोडायची सोय नव्हती.

वीस वर्षं हे काम करणाऱ्या माणसाने एका अक्षरात चुकावं याची लाज वाटली. ती मात्र काही बोलली नाही. नुसता तो कागद जवळ घेऊन दोन्ही रकाने बोटाने खालपर्यंत वाचत गेली.

पैशाचा हिशेब, जो गावात चुकीचा मांडला जातो

गावात तुलना चालली होती ती फीची. नागपूरची फी अमरावतीपेक्षा बरीच जास्त, म्हणून नागपूर "आपल्यासारख्याचं नाही" असं काका म्हणत होते. पण २०२४-२५ पासून ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस मुलींना, कुटुंबाचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल आणि प्रवेश याच सामायिक ऑनलाइन फेऱ्यांतून असेल तर, शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. म्हणजे दोन्हीकडे हा आकडा शून्य. महाडीबीटी या सरकारी शिष्यवृत्ती पोर्टलवर अर्ज दरवर्षी भरायचा, तो विसरला की कॉलेज मागणीची नोटीस लावतं, एवढंच लक्षात ठेवायचं.

माफ नाही ते बाकी सगळं. मी वहीच्या मागच्या पानावर मांडलं. नागपूरला मुलींचं वसतिगृह भरलेलं होतं, त्यामुळे बाहेर खोली आणि डबा, महिन्याला ८,५०० धरून दहा महिन्यांचे ८५,०००. येण्याजाण्याचे १२,०००. विकास शुल्क आणि किरकोळ १५,०००. वर्षाला १,१२,०००. अमरावतीला आवारातलं वसतिगृह ३२,०००, मेस दहा महिन्यांची ३२,०००, इतर १२,०००. वर्षाला ७६,०००.

फरक ३६,००० चा. वडिलांना तो आकडा नुसता कळेना, म्हणून कापसात सांगितला. त्या हंगामाचा मध्यम धाग्याचा हमीभाव ७,७१० रुपये क्विंटल. म्हणजे पावणेपाच क्विंटलच्या आसपास. त्यांनी लगेच मान हलवली, "एका एकराचा झाला." कोरडवाहूत एकरी तेवढाच निघतो, तोही पाऊस वेळेवर आला तर. बियाणं, खत, फवारणी आणि वेचणी वजा केली तर एक एकर पुरतच नाही.

ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजनेतून ओबीसी मुलांना राहण्याजेवणाचे पैसे मिळतात, पण जिल्ह्याला संख्या ठरलेली आणि निवड गुणवत्तेवर. मिळाले तर चांगलंच. हिशेबात धरले नाहीत. कर्जाचा विषय वडिलांनी एका वाक्यात संपवला: सोसायटीचं पीककर्ज डोक्यावर आहे, त्यावर दुसरं नको.

अमरावती: दुसरा दिवस

नेरहून सकाळची एसटी पकडली, नांदगाव खंडेश्वर, बडनेरा करत दीड-पावणेदोन तास. बायकांचं तिकीट अर्धं. वडील आले नाहीत, डवरणी अर्धी होती. तिची आई आली.

कॉलेजात स्वागत वगैरे कोणी केलं नाही. प्रवेश कक्षातल्या बाईंनी माहितीपुस्तक दिलं आणि "काय पाहायचं ते पाहून घ्या" म्हणाल्या. विभागाच्या भिंतीवर एनबीए (अभ्यासक्रमांचा दर्जा तपासणारं राष्ट्रीय मंडळ) मानांकनाचं प्रमाणपत्र फ्रेममध्ये होतं. जवळ जाऊन वाचलं तर मुदत ३० जूनलाच संपलेली. विचारल्यावर कळलं, नूतनीकरणाचा अर्ज गेलाय. जाहिरातीत मात्र अजून 'एनबीए मानांकित' लिहिलं होतं. हे मानांकन कॉलेजला नव्हे, एकेका शाखेला आणि ठरावीक वर्षांसाठी मिळतं. त्यामुळे फ्रेमची खालची ओळ वाचायची, हे मी आता प्रत्येकाला सांगतो.

लॅब शिपायाने उघडून दाखवली. जुनी यंत्रं. एका कीबोर्डवर 'ए', 'ई' आणि 'एन'ची अक्षरं पार पुसून गेली होती, स्पेसबारला अंगठ्याच्या जागी चकाकी आली होती. दाराजवळ टेबलावर दोऱ्याने पेन बांधलेलं एक रजिस्टर. मी ते उलटलं. नाव, यंत्राचा क्रमांक, आल्याची वेळ, गेल्याची वेळ, सही. मार्चच्या पानांवर संध्याकाळच्या नोंदीच नोंदी: ५.४० ते ७.२५, ५.१५ ते ७.३०. अर्ध्याहून जास्त नावं मुलींची. शिपाई म्हणाला, "होस्टेलच्या पोरी येते जी. साडेसातले मी कुलूप लावतो. कवा कवा आठ वाजते."

प्लेसमेंटच्या कक्षात मागच्या वर्षीची यादी मागितली. त्यांनी थोडं कुरकुरून छापील कागद दिला. १२० च्या तुकडीतल्या ४१ जणांची नावं, बहुतेकांना वर्षाला साडेतीन लाखांच्या आसपास, बहुतेक पुण्याला. डोळे दिपण्यासारखं त्यात काही नव्हतं. प्रत्येक नाव एकदाच होतं, एवढं बरं वाटलं.

शिक्षकांची यादी आम्ही आदल्या रात्रीच काढून ठेवली होती. प्रत्येक कॉलेजने आपल्या संकेतस्थळावर 'मँडेटरी डिस्क्लोजर' नावाचं एक कंटाळवाणं कागदपत्र टाकायचं असतं, त्यात शिक्षकांची नावं आणि बहुधा रुजू झाल्याची तारीखही असते. वीस विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक हा एआयसीटीईचा, म्हणजे तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेचा मापदंड. इथे चार वर्षांचे ४८० विद्यार्थी, म्हणजे २४ हवेत. होते २१. पण त्यातले तेरा-चौदा जण दहा वर्षांहून जुने. जुने म्हणजे चांगले असं नाही, हे माझ्याच स्टाफरूममध्ये बसून मी सांगू शकतो. फक्त ज्याने दुसऱ्या वर्षाला शिकवलं तो चौथ्या वर्षी प्रोजेक्ट बघायला जागेवर असेल, एवढं नक्की.

नागपूर: तिसरा दिवस

यवतमाळ, कळंब, देवळी, वर्धा, बुटीबोरी. जायला साडेचार तास धरा. या वेळी वडील आले, स्वच्छ पांढरा सदरा घालून.

इमारत काचेची. लॅबमधली यंत्रं इतकी नवी की मॉनिटरच्या कडेची पारदर्शक फिल्म अजून काढलेली नव्हती. मनात आलं, ऑगस्ट उजाडला आणि यावर कोणाचं बोट पडलं नाही? पण हा अन्याय होता. यंत्रं जुलैतच आलेली, वर्ग सुरू व्हायचे होते.

इथे जागा वाढल्या होत्या. २०२४-२५ पासून एआयसीटीईने एका शाखेच्या जागांवरची वरची मर्यादा काढली आणि ज्यांना परवडलं त्या कॉलेजांनी कॉम्प्युटरच्या कुळातल्या शाखा फुगवल्या. या शाखेत ६० च्या आधी १२० आणि आता १८० झाल्या होत्या. चौथं आणि तिसरं वर्ष ६०-६०, दुसरं १२०, पहिलं १८०: एकूण ४२०, म्हणजे २१ शिक्षक हवेत. यादीत १७ होते, त्यातले नऊ जण वर्षाच्या आत रुजू झालेले. प्लेसमेंटच्या यादीत एकाच मुलाचं नाव तीन कंपन्यांपुढे तीनदा होतं. "ऑफर्स तीन आहेत ना सर," असं हसून उत्तर मिळालं.

अभ्यासक्रम मात्र ताजा. स्वायत्त असल्याने ते दोन वर्षांत बदल करू शकतात. तिसऱ्या सत्रापासून पायथन, पाचव्यात मशीन लर्निंग. पण कॉम्प्युटर नेटवर्क्स ऐच्छिक होता, ते मला खटकलं. मिहान या नागपूरच्या औद्योगिक क्षेत्रातल्या टीसीएस, इन्फोसिस, एचसीएल याच शहरात, शेवटच्या वर्षी इंटर्नशिपला त्याचा उपयोग. हे अमरावतीत नाही आणि मी ते लपवलं नाही.

आणि मग जे झालं ते मी गृहीतच धरलं नव्हतं. एक तरुण प्राध्यापक भेटले. त्यांनी आम्हाला अर्धा तास दिला, मुलीला समोर बसवलं आणि चौथ्या वर्षाच्या मुलांचा प्रोजेक्ट उघडून दाखवला: कपाशीच्या पानाबोंडांचे फोटो बघून रोग ओळखणारा प्रोग्राम. फोटोखाली रोगाचं नाव येत होतं. सहा-सात फोटो गेले. एका लालसर पानाखाली अळीचा प्रादुर्भाव असं आलं. ती पुटपुटली, "हा तं लाल्या आहे."

"काय?"

"लाल्या, सर. अळी नाही याच्यात. पान असं कडंनं लाल होऊन येते थो लाल्या."

वडीलही वाकून बघायला लागले. "हाव, लाल्याच व्हय." प्राध्यापक हसले नाहीत. त्यांनी फोटोचा क्रमांक लिहून घेतला आणि आणखी वीस फोटो तिच्यापुढे टाकले. त्यातले तीन तिने चुकीचे ठरवले. त्या अर्ध्या तासात ती जितकं बोलली तितकं दोन वर्षांत माझ्या वर्गात बोलली नव्हती.

तिथे बसल्या बसल्या मी मनातून नागपूरकडे झुकलो. असा एक माणूस चार वर्षांत भेटला तरी पुरे, बाकी शिक्षकसंख्या वगैरे गेली खड्ड्यात.

निघताना तिनेच विचारलं, "सर, लॅब संध्याकाळी उघडी राहते का?"

ते प्रामाणिक होते. म्हणाले, कॉलेजच्या बस साडेचारला सुटतात, नंतर आवार रिकामं होतं. "पण बहुतेकांकडे लॅपटॉप असतात. तुझ्याकडे असेलच."

तिसऱ्या दिवसाची रात्र आणि चौथा दिवस

रात्री त्यांच्या ओसरीवर बसलो. वडील, आई, मामा, मी आणि ती. मामा नागपूरच्या बाजूने, आईला अमरावती, कारण दीड तासात जाता येतं. मी नागपूरची बाजू मांडली. अमरावतीचा अभ्यासक्रम विद्यापीठाचा, तो सावकाश बदलतो. लॅपटॉप ४५,००० चा, तो एकदाच घ्यायचा. नव्या शाखेला अजून पुरेशा तुकड्या बाहेर पडलेल्या नाहीत, म्हणून ती वाईटच असं म्हणता येत नाही. आणि तो माणूस.

ती म्हणाली, "थो माणूस चांगला होता, सर. पण दोघं-तिघं चांगले तं तिकडंही असतीन, आपण भेटलो नाही." मग थोडं थांबून, "माह्याजवळ लॅपटॉप नाही. तिथचे पोट्टे रात्री खोलीत प्रोग्राम करतीन, मी दुसऱ्या दिवशी जाऊन पायीन. अमरावतीले रजिस्टर पाह्यलं ना तुमी? साडेसातपर्यंत. रोजचे दोन घंटे धरले तं हप्त्याचे दहा होते."

मी म्हटलं, लॅपटॉप घेऊन देऊ. ती म्हणाली, पहिल्याच वर्षी १,१२,००० आणि वर ४५,०००, "म्हंजे बाबाले काय इकायचं?" वडील खाली बघत सुपारी कातरत राहिले.

खरं सांगायचं तर माझ्या चौकटीत हा रकानाच नव्हता. मानांकन, शिक्षक, प्लेसमेंट, अभ्यासक्रम, खर्च हे सगळं मी मांडलं होतं. कॉम्प्युटर शिकायला जाणाऱ्या मुलीला कॉम्प्युटर दिवसात किती तास मिळेल, हा प्रश्न माझ्या डोक्यात आला नव्हता. कारण मी ज्यांना गेली काही वर्षं पाठवतोय त्यातल्या तालुक्याच्या गावातल्या मुलांकडे लॅपटॉप असतोच. खेड्यातल्यांकडे नसतो. पहिल्या सत्रात नापास होणाऱ्यांत तेच जास्त असतात, आणि आम्ही इंग्रजीला दोष देतो.

तरी माझं अर्धं मन नागपूरलाच होतं, ते मी तिला सांगितलंही. दुसऱ्या वर्षी लॅपटॉप, सुट्टीत त्या प्राध्यापकांना मेल, आणि चौथ्या वर्षी इंटर्नशिपसाठी नागपूर. एवढं तिने मान्य केलं. प्राध्यापकांचा पत्ता तिने आधीच वहीत लिहून घेतला होता.

अमरावतीची जागा गोठवायची तर ओटीपी वडिलांच्या फोनवर येणार होता. दुसऱ्या दिवशी मी आमच्या कॉलेजातून लॉगिन केलं, आणि फोन शेतात. पहिला ओटीपी वाया गेला, दुसराही. शेवटी मुलगी बांधावरून धावत गेली, फोन घेऊन टेकडावर चढली आणि तिथून मला सहा आकडे ओरडून सांगितले. एक आकडा वाऱ्यात गेला. परत विचारला. मग बटण दाबलं.

दिवाळीत ती वेचणीला घरी आली होती. पाडव्याला माझ्याकडे आली तेव्हा पिशवीतून एक दोनशे पानी वही काढली. त्यात पेनाने, स्वच्छ अक्षरात, ओळीला ओळ लावून सी भाषेतले प्रोग्राम. एका पानावर क्विंटल, भाव आणि वेचणीची मजुरी घालून निव्वळ रक्कम काढणारा. मी चष्मा लावून वाचला. एका ठिकाणी लूप कधीच संपणार नाही असं मला वाटलं, तसं म्हटलं.

तिने वही स्वतःकडे वळवून घेतली, थोडा वेळ बघितलं आणि त्या ओळीपुढे पेनाने फुली मारली. "सोमवारी लॅबमंदी चालवून पायतो, सर."